उभे राहावे की निघून जावे?
मोहनदास करमचंद गांधी यांच्या चरित्रातील काही प्रसंग

आमच्या मंडळ्यांतील उपदेशक बंधु जेव्हा जेव्हा एकत्र जमतात, तेव्हा तेव्हा एक प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. बाजाराच्या वाटेवर कोणी अंगावर धावून आला, पाणवठ्यावर कोणी ढकलले, प्रार्थना चालली असता कोणी दगड मारला, तर ख्रिस्ती मनुष्याने तेथेच उभे राहावे की मुकाट्याने निघून जावे? एक जण दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा दाखवितो. दुसरा मत्तयाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट करून म्हणतो की, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जावे असे प्रभूनेच शिष्यांस सांगितले आहे. दोघांचेही म्हणणे शास्त्राला धरून असते. तरी घरी परतताना दोघांचेही समाधान झालेले नसते.

ह्या प्रश्नाचा विचार करिताना आम्हांस पाचगणीची आठवण होते. पाचगणी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. तेथील पठार, शाळा, सिल्व्हर ओकची झाडे आणि पावसाळ्यातले दाट धुके ही सर्वांच्या ओळखीची आहेत. इ. स. १९४४ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, तेथील दिलखुश बंगल्यात चौऱ्याहत्तर वर्षांचा एक दुबळा वृद्ध राहावयास आला होता. मे महिन्याच्या ६ तारखेस पुण्याच्या आगाखान पॅलेसातील बंदिवासातून त्याची सुटका झाली होती. त्याच बंदिवासात १५ ऑगस्ट १९४२ रोजी त्याचे सहकारी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याची पत्नी कस्तुरबा मरण पावली होती. हिवतापाने त्याचे शरीर खंगले होते. अशा मनुष्याच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत एके दिवशी पुण्याहून आलेल्या तरुणांच्या एका टोळीने दंगा केला. त्याचे पुढे काय झाले ते आम्ही योग्य स्थळी सांगू. तत्पूर्वी, हा मनुष्य अशा प्रसंगांस कसा सरावला हे पाहणे बरे.

मोहनदास गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडात पोरबंदर येथे झाला. लहानपणी ते अतिशय भित्रे होते, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे. चोरांचे भय, भुतांचे भय, सापांचे भय, आणि रात्री दिव्यावाचून झोप म्हणून यावयाची नाही. रंभा नावाच्या घरच्या दाईने त्यांस भय वाटताच देवाचे नाव घेण्यास शिकविले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मार सोसणारे लोक जन्मतःच धीट असतात, अशी आमच्या खेड्यांतील भाविकांची समजूत असते, आणि आपण तसे नाही म्हणून ते कष्टी होतात.

विलायतेहून १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आल्यावर राजकोटात त्यांस पहिला धक्का बसला. आपल्या वडील भावाचे काही काम घेऊन ते तेथील इंग्रज पोलिटिकल एजंटाकडे गेले. साहेबाने जाण्यास सांगितले, तरी हे आपले म्हणणे पुरते मांडू पाहत होते. तेव्हा साहेबाच्या हुकुमावरून शिपायाने त्यांस धरून दाराबाहेर काढले. गांधी संतापले आणि फिर्याद करण्यास निघाले. फिरोजशहा मेहता यांचा सल्ला विचारता, अपमान गिळून स्वस्थ बसावे असे उत्तर आले. ते त्यांस विषासारखे कडू लागले, पण त्यांनी ते मानले. ह्या प्रसंगी त्यांचे चुकलेच होते. भावासाठी वशिला लावावयास गेलेला मनुष्य दारात अडून बसला, ह्याला धैर्य म्हणता येत नाही. पुढे त्यांनीही आपली चूक पत्करली. जागेवर ठाम राहण्यापूर्वी ती जागा आपली आहे की नाही हे पाहावे लागते.

१८९३ च्या मे महिन्यात ते एका मुसलमान व्यापारी पेढीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे उतरले. काही दिवसांनी, ७ जूनच्या रात्री, पहिल्या वर्गाचे तिकीट असताही मॅरिट्सबर्ग स्थानकावर त्यांस गाडीबाहेर ढकलण्यात आले, ती गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पुढची गोष्ट मात्र आमच्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. चार्ल्सटाउनहून जोहान्सबर्गला जाणाऱ्या घोड्यांच्या टपालगाडीत त्यांस आत बसू न देता गाडीवानाजवळच्या बैठकीवर बसविले. तो अन्याय त्यांनी सोसला, कारण तेथे तंटा केला असता तर गाडी त्यांस टाकून गेली असती. पार्डेकोफ येथे गाडीच्या गोऱ्या मुख्यास बाहेर बसून विडी ओढण्याची इच्छा झाली. त्याने पाय ठेवण्याच्या फळीवर एक मळकट गोणपाट पसरले आणि गांधींनी तेथे, आपल्या पायांशी, बसावे असा हुकूम केला. आता गांधींनी नकार दिला. आत बसण्यास ते तयार होते, पायांशी बसण्यास नव्हते. त्या धिप्पाड मनुष्याने त्यांच्या कानशिलात मारण्यास आरंभ केला आणि दंड धरून त्यांस खाली ओढू लागला. गांधींनी बैठकीची पितळी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांनी उलट हात उचलला नाही आणि दांडीही सोडली नाही. अखेर आतले गोरे उतारूच कळवळून मध्ये पडले, तेव्हा तो थांबला. वाटभर गांधींचे काळीज धडधडत होते आणि मुक्कामास जिवंत पोहोचू की नाही ह्याची त्यांस शंका होती. स्टँडरटन येथे पोहोचताच त्यांनी कंपनीच्या एजंटास सर्व हकीकत लिहून कळविली. दुसऱ्या दिवशी त्यांस गाडीच्या आत जागा मिळाली. मारणाऱ्यावर खटला मात्र त्यांनी केला नाही.

हाच मनुष्य प्रिटोरियात कसा वागला पाहा. तेथे अध्यक्ष क्रूगर यांच्या घरासमोरच्या पायवाटेने ते नित्य फिरावयास जात. एके दिवशी पहाऱ्यावरच्या शिपायाने एक शब्दही न बोलता त्यांस ढकलून, लाथ मारून रस्त्यावर उतरविले. कोट्स नावाचे त्यांचे क्वेकर पंथी मित्र त्याच वेळी घोड्यावरून जात होते. त्यांनी हे पाहिले आणि कोर्टात साक्ष देण्याची तयारी दाखविली. गांधींनी फिर्याद केली नाही. शिपायाने क्षमा मागितली, पण ती त्यांनी आधीच केली होती. मात्र त्या रस्त्याने ते पुन्हा कधी गेले नाहीत. विनाकारण दुसरी लाथ का ओढवून घ्यावी, असा त्यांचा साधा विचार होता, आणि फिरण्यास त्यांनी दुसरा मार्ग निवडला. ही गोष्ट वाचून आमच्या एका उपदेशक मित्राची निराशा झाली. आमची झाली नाही. ज्या हातांनी पितळी दांडी सोडली नाही, त्याच मनुष्याच्या पायांनी दुसरी वाट धरली, ह्यात आम्हांस विसंगती दिसत नाही. ती दांडी सोडणे म्हणजे कोणाच्या तरी पायांशी बसणे कबूल करणे होते. संध्याकाळची फेरी दुसरीकडून घातल्याने तसे काही कबूल होत नव्हते.

प्रिटोरियातच बेकर नावाच्या एका वकिलाच्या, दुपारी एक वाजता भरणाऱ्या प्रार्थनासभेस गांधी जात असत. डोंगरावरील प्रवचन विलायतेतच त्यांच्या अंतःकरणास भिडले होते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, हे आमच्या वाचकांस माहीत आहेच. धर्मांतराविषयीची त्यांची मतेही आमच्या मतांशी जुळणारी नव्हती. तेव्हा त्यांस ख्रिस्ती ठरविण्याचा आमचा हेतु नाही. आमच्याच शास्त्रातील एक अध्याय ज्याने आम्हांपैकी पुष्कळांपेक्षा गंभीरपणे घेतला, त्याच्याजवळून शिकण्यात मात्र कमीपणा नाही.

आता डर्बनचा प्रसंग. १८९६ साली गांधी कुटुंबास आणण्यासाठी हिंदुस्थानात आले होते. येथे त्यांनी केलेल्या भाषणांच्या विपर्यस्त बातम्या नाताळ प्रांतात पोहोचल्या आणि तेथील गोरे खवळले. डिसेंबरात ‘कुरलँड’ आणि ‘नादरी’ ही दोन जहाजे डर्बनला पोहोचली, तेव्हा साथीचे निमित्त सांगून ती तेवीस दिवस बंदराबाहेर रोखून धरण्यात आली. अखेर १३ जानेवारी १८९७ रोजी उतरण्याची परवानगी मिळाली. अंधार पडल्यावर गुपचूप उतरावे, असा सरकारी वकील एस्कंब यांचा निरोप होता. परंतु लॉटन नावाच्या इंग्रज वकील मित्रास ते चोरासारखे जाणे वाटले. कस्तुरबा, दोन मुलगे आणि भाचा यांस गाडीतून पारशी रुस्तमजी यांच्या घरी पुढे पाठविले, आणि हे दोघे दिवसाउजेडी पायी निघाले.

काही पोरांनी त्यांस ओळखले व नावाने ओरडण्यास सुरुवात केली. लोक जमले. रिक्षा बोलाविली तर पोरांनी रिक्षावाल्यास दम देऊन पळवून लावले. गर्दीने लॉटन यांस बाजूला ओढून नेले, आणि मग दगड, विटांचे तुकडे व नासकी अंडी यांचा वर्षाव सुरू झाला. कोणी पागोटे हिसकले, कोणी लाथा घातल्या. मूर्च्छा येऊ लागली तेव्हा गांधींनी एका घराच्या कठड्याचे गज धरले, तरी मार थांबेना. इतक्यात पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांची पत्नी त्या वाटेने आली. ह्या बाईने गांधींस ओळखले आणि ऊन नसताही आपली छत्री उघडून ती त्यांच्या व जमावाच्या मध्ये उभी राहिली. तिला लागल्याशिवाय त्यांस मारणे अशक्य झाले. ह्या बाईचे नाव आमच्या रविवारच्या शाळांत मुलांस सांगितले जावे असे आम्हांस फार वाटते. तिने भाषण केले नाही की कोणास शिव्या दिल्या नाहीत. तिच्याजवळ छत्री होती, ती तिने उघडली.

पोलिसांचे पथक आले. वाटेत पोलीसठाण्यात आश्रय घेण्याविषयी गांधींस सुचविण्यात आले, ते त्यांनी आभारपूर्वक नाकारले. लोकांस आपली चूक उमगली की ते शांत होतील, असा त्यांचा भरवसा होता. तो खोटा ठरला. रात्र पडताच रुस्तमजींच्या घरास हजारोंनी वेढा दिला आणि गांधींस आमच्या हवाली करा असा गिल्ला सुरू झाला. अलेक्झांडरसाहेब दारात उभे राहून जमावास थट्टेने व गाण्याने खेळवीत होते. त्यांनी आत निरोप पाठविला की, मित्राचे घर, मालमत्ता आणि स्वतःची बायकामुले वाचवावयाची असतील, तर वेष पालटून निघून जा.

जो मनुष्य काही तासांपूर्वी ठाण्यात जाण्यास तयार नव्हता, त्याने हे मानले. हिंदी शिपायाचा पोषाख चढविला, डोक्यावर धातूची थाळी ठेवून तीवर मद्रासी रुमाल गुंडाळला, आणि दोन गुप्त पोलिसांबरोबर शेजारच्या दुकानातून, वखारीतल्या पोत्यांमधून वाट काढीत ठाणे गाठले. मग अलेक्झांडरसाहेबांनी जमावास सांगितले की तुमची शिकार निसटली. प्रतिनिधी पाठवून लोकांनी घर शोधले, आणि निराश होऊन ते पांगले.

पुढे आत्मचरित्र लिहिताना गांधींनी ह्या रात्रीची आपल्या मनाशी झडती घेतली. आपण निघून गेलो ते स्वतःच्या जिवाच्या भयाने, की मित्राच्या नुकसानीच्या भयाने, की बायकामुलांच्या, हे निश्चित सांगता येत नाही असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. दिवसा जमावासमोर गेलो ते योग्य आणि रात्री वेष पालटून पळालो तेही योग्य, असे छातीठोकपणे म्हणावयास ते धजले नाहीत. आम्हांस ही कबुली त्यांच्या धैर्याइतकीच मोलाची वाटते. दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसून उतरलेला पौल पुढे फिलिप्पै येथे बंदिशाळेतून गुपचूप जाण्यास नकार देतो. लुस्त्रात दगडमार होऊन मेलेला समजून टाकलेला तोच पौल उठून पुन्हा त्याच नगरात शिरतो. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटण्यास नेले असता प्रभु त्यांच्यामधून निघून गेला, आणि गेथशेमानेत मात्र तो पुढे होऊन शोधणाऱ्यांस सामोरा गेला. एकच नियम सर्व प्रसंगांस लावावयाचा असता, तर शास्त्राने हे सर्व प्रसंग जपून ठेविले नसते.

विलायतेतील वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी तारेने कळविले की हल्लेखोरांवर खटले चालवावेत. गांधींनी कोणाचेही नाव देण्याचे नाकारले. दोष चिथावणी देणाऱ्यांचा, तरुणांचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. येथे आमचे एक सांगणे आहे. गांधींनी फिर्याद केली नाही, म्हणून आमच्या गरीब बांधवांनी कधीच करू नये, असा अर्थ कोणी काढू नये. ते स्वतः बॅरिस्टर होते, त्यांच्या मागे व्यापारी होते, आणि त्या रात्री त्यांचा जीव एका पोलीस अधिकाऱ्यानेच वाचविला. पौलानेही कैसराकडे दाद मागितली. स्वतःवरील अपराधाची क्षमा स्वतःस करता येते, परंतु विधवेच्या तोंडावर बसलेल्या चपराकेची क्षमा तिच्या वतीने पाळकाने करणे, हा अधिकार आम्हांस कोणी दिला? पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी सार्वजनिक वाटेवर ढकलण्यात आलेल्या तरुणास आम्ही दुसऱ्या वाटेने जात जा, असा उपदेश केला होता. तो गेला. आठ दिवसांनी त्याच जागी त्याच्या म्हाताऱ्या आईस ढकलण्यात आले, कारण तिच्या पायांस लांबची वाट झेपत नव्हती. तो उपदेश करिताना आम्ही तिचा विचारच केला नव्हता.

१९०८ सालचा प्रसंग जोहान्सबर्गचा. ट्रान्सवालच्या सरकारशी झालेल्या तडजोडीप्रमाणे हिंदी लोकांनी आपखुशीने नावे नोंदवावयाची व बोटांचे ठसे द्यावयाचे होते. गांधींनी कौम विकली, असा काही पठाणांचा समज झाला. १० फेब्रुवारीस गांधी नोंदणीकचेरीकडे निघाले असता मीर आलम नावाच्या त्यांच्या जुन्या अशिलाने वाटेत, कोठे जाता म्हणून विचारले आणि सोट्याचा तडाखा दिला. गांधी देवाचे नाव घेत कोसळले. पडल्यावरही लाथा व सोटे बसले. थंबी नायडू आणि युसुफ मियाँ यांनी मध्ये पडून पुष्कळ मार आपल्या अंगावर घेतला.

शुद्धीवर आले तेव्हा जोसेफ डोक हे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक त्यांच्याजवळ ओणवे झाले होते. डोकसाहेबांनी त्यांस आपल्या घरी नेले. गांधींनी प्रथम विचारले ते मीर आलमचे काय झाले हे, आणि त्यास सोडून द्यावे अशी तार सरकारी वकिलास पाठविली. अशा जखमी स्थितीतच त्यांनी नोंदणीअधिकाऱ्यास बोलावून आपले ठसे दिले, कारण पहिली नोंद आपली व्हावी असे त्यांनी वचन दिले होते. म्हणजे मारास भिऊन त्यांनी काम सोडले नाही, आणि मारणाऱ्यावर रागही धरला नाही. गोऱ्या नागरिकांनी हरकत घेतल्यामुळे मीर आलमला तीन महिन्यांची सक्तमजुरी झालीच.

डोक यांच्या घरी ते सुमारे दहा दिवस होते. श्रीमंत व्यापाऱ्यांपासून पाटी घेतलेल्या फेरीवाल्यांपर्यंत शेकडो हिंदी लोक त्यांच्या समाचारास आले, आणि पाळकाच्या कुटुंबाने सर्वांचे सारखे स्वागत केले. त्या काळी त्या शहरात एका गोऱ्या पाळकाने असे करणे म्हणजे आपल्याच मंडळीचा रोष ओढवून घेणे होते. दाराशी उभे राहून त्यांची लहान मुलगी ऑलिव्ह हिने गांधींच्या विनंतीवरून न्यूमन यांचे, प्रकाशाने वाट दाखवावी म्हणून प्रार्थना करणारे, गीत गाऊन दाखविले. पुढे हीच ऑलिव्ह मध्य आफ्रिकेतील लांबा लोकांत मिशनरी होऊन गेली. डोकसाहेबांनी १९०९ साली गांधींचे पहिले चरित्र प्रसिद्ध केले, आणि १९१३ साली ते प्रभूकडे गेले. मीर आलमची गोष्टही येथेच संपविली पाहिजे. सरकारने शब्द फिरविल्यावर १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीच्या पटांगणात नोंदणीचे दाखले जाळण्यात आले. तेथे मीर आलम पुढे आला, आपण चुकलो असे सर्वांदेखत म्हणाला, आणि आपला दाखला जाळण्यास दिला. गांधींनी त्याचा हात हाती घेतला.

ह्या प्रसंगाविषयी वडील मुलगा हरिलाल याने बापास विचारले की, मी तेथे असतो तर काय करावयास हवे होते? पळावयास हवे होते, की नुसते पाहावयास, की बळ वापरून तुमचे रक्षण करावयास? गांधींनी रक्षण करणे हेच त्याचे कर्तव्य होते असे सांगितले. आमच्या पुष्कळ वाचकांस ह्याचे आश्चर्य वाटेल. बिहारात बेतियाजवळच्या एका खेड्यात पोलिसांनी घरे लुटली आणि बायकांची विटंबना केली, तेव्हा पुरुष पळून गेले होते. तुम्हीच आम्हांस अहिंसा शिकविली, असे ते गांधींस म्हणाले. गांधींची मान शरमेने खाली गेली. जेथे भ्याडपणा आणि बळाचा वापर एवढेच दोन मार्ग उरतात, तेथे आपण बळाचा सल्ला देऊ, असे त्यांनी १९२० साली आपल्या पत्रात लिहिले. आम्ही पाळक म्हणून ही शेवटची पायरी चढण्यास कचरतो. पण बेतियाच्या पुरुषांचे समर्थन आमच्याने होत नाही.

१९३४ साली अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यात बिहारमध्ये जसिडीह येथे सनातन्यांनी त्यांची मोटार फोडली. तेव्हा अधिक पहारा मागण्याऐवजी त्यांनी मोटार सोडली आणि ओरिसात पायी दौरा केला. त्याच वर्षी २५ जून रोजी पुण्यात नगरपालिकेच्या सभेस जाताना त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बाँब टाकण्यात आला. सभा ठरल्याप्रमाणे झाली.

आता पाचगणी. त्या जुलैत गांधींनी फाळणीच्या प्रश्नावर राजाजींच्या योजनेस मान्यता दिली होती, आणि १७ तारखेस दिलखुश बंगल्यातूनच जिनासाहेबांस भेटीविषयी पत्र लिहिले होते. त्यामुळे पुण्यातील काही हिंदुत्वनिष्ठ तरुण चिडून मोटारीने वर आले व त्यांनी घोषणा दिल्या. त्यांचा पुढारी नथुराम गोडसे होता, तो सुरा घेऊन धावला, आणि जवळच्या भिलार गावचे भि. दा. भिलारे गुरुजी व पुण्याचे मणिशंकर पुरोहित यांनी त्यास धरले, असे त्या दोघांनी पुढे सांगितले. १९६९ साली अहवाल देणाऱ्या कपूर आयोगाने सुऱ्याचा प्रकार सिद्ध झाला असे मानले नाही. गांधींनी त्या तरुणास आठ दिवस आपल्याजवळ राहून बोलण्यास बोलाविले व तो राहिला नाही, असेही सांगतात. एवढे खरे की, त्यांनी पाचगणी सोडली नाही आणि प्रार्थनेचे दार कोणास बंद केले नाही.

१९४७ च्या ३१ ऑगस्टच्या रात्री कलकत्त्यात खवळलेला जमाव ते उतरले होते त्या घरात घुसला, तेव्हा ते उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. फेकलेली लाठी त्यांस चाटून गेली. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनास्थळी बाँब फुटला, तेव्हा त्यांनी लोकांस शांत बसविले आणि प्रार्थना पुरी केली. प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घ्यावी, अशी पोलिसांची मागणी होती. ती त्यांनी नाकारली. दहा दिवसांनी, ३० जानेवारीस सायंकाळी पाच वाजून गेल्यावर, उशीर झाला म्हणून झपझप चालत ते हिरवळीवर आले, आणि पुण्याच्या नथुराम गोडसे याने अगदी जवळून तीन गोळ्या झाडल्या.

गोडसे यास फाशीची शिक्षा झाली, तेव्हा ती देऊ नये अशी विनंती करणाऱ्यांत गांधींचे मुलगे मणिलाल आणि रामदास होते. विनंती मान्य झाली नाही, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात शिक्षा अमलात आली. १८९७ च्या त्या जानेवारीत डर्बनच्या धक्क्यावरून गाडीत घालून रुस्तमजींच्या घरी पुढे पाठविलेल्या मुलांपैकी मणिलाल हा एक होता. त्या वेळी त्याचे वय चार वर्षांचे होते.